कुंडीतलं फळझाड: फळ का येतं, का येत नाही

गेली काही वर्षं उन्हाळा आला की एक बातमी फिरते: मियाझाकी नावाच्या जपानी आंब्याला किलोमागे लाखांत भाव. बातमीच्या मागोमाग मोबाइलवर जाहिरात येते. हातभर उंचीचं रोप, काळी कुंडी आणि फांद्यांना लगडलेले लालबुंद आंबे. गच्चीत लावा, बाल्कनीत लावा, पहिल्याच वर्षी फळं! रोप घरी येतं, दोन वर्षं नुसती पानं काढतं आणि तिसऱ्या मे महिन्यात वाळून जातं. मग घरात ठरतं की फळझाड हे कुंडीचं कामच नव्हे.

जाहिरात खोटी आहे आणि घरात काढलेला निष्कर्षही चुकीचा आहे. मियाझाकी हे जपानच्या क्यूशू बेटावरच्या एका प्रांताचं नाव. तिथे पिकणारा हा आंबा ‘आयर्विन’ जातीचा, आणि ती जात मूळची अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. तिथले शेतकरी तो प्लास्टिकच्या हरितगृहात वाढवतात, फळाला जाळी लावतात आणि देठातून आपणहून सुटून जाळीत पडलेलं फळच विकतात. ‘ताइयो नो तामागो’, म्हणजे ‘सूर्याचं अंडं’, हा शिक्का मिळवायला फळ किमान ३५० ग्रॅमचं असावं लागतं आणि रसातली साखर किमान १५ टक्के. भाव मिळतो तो या मेहनतीला आणि निवडीला, कलमाच्या नावाला नाही. नर्सरीतून ‘मियाझाकी’ म्हणून आणलेलं रोप खरोखरच आयर्विन निघालं तरी ते एक साधं आंब्याचं झाड आहे.

जपानी बागायतदारांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्यातले बरेच जण झाडाच्या मुळांना मुद्दाम मोजकी जागा देतात. मुळं आवरली की झाड बुटकं राहतं, लवकर फळावर येतं आणि त्याचं खाणंपिणं माणसाच्या हातात राहतं. म्हणजे कुंडी हे झाडाचं साधन होऊ शकतं. अट एकच: मुळांचा कारभार आपण समजून घ्यायचा. कुंडीत फसणाऱ्या दहा झाडांपैकी बहुतेकांचा घोटाळा मातीखाली असतो आणि आपण मात्र पानांवर औषध मारत बसतो.

हातावर पोट असलेलं बिऱ्हाड

जमिनीतलं झाड म्हणजे वाडा. मागे विहीर, कोठीत धान्य, अंगण मोकळं. एक पाऊस उशिरा आला तरी चूल बंद पडत नाही. कुंडीतलं झाड म्हणजे एका खोलीतलं बिऱ्हाड. साठवण नाही, रोज आणायचं आणि रोज खायचं. नेमानं आणलं तर ते बिऱ्हाडही सुखानं नांदतं, पण चार दिवस खाडा झाला तर लगेच हाल सुरू होतात.

हा फरक डोक्यात ठेवला की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. शेतातल्या झाडाला वर्षातून दोनदा खत चालतं, कुंडीतल्याला नाही, कारण घातलेलं खत पाण्याबरोबर तळातून निघून जातं. शेतात बहार धरायला पाणी तोडून महिनाभर ताण देतात. कुंडीत महिनाभर पाणी तोडलं तर झाड मरतं, कारण मेमधल्या कडक उन्हात कुंडी दोन दिवसांत कोरडी होते.

तळाला खडी घालायची की नाही?

जवळपास प्रत्येक घरात सांगितलं जातं की कुंडीच्या तळाशी खापऱ्या किंवा खडीचा थर द्या, म्हणजे निचरा चांगला होतो. निचरा म्हणजे जास्तीचं पाणी मातीतून वाहून जाणं आणि त्याच्या जागी हवा येणं. मुळांनाही श्वास लागतो. सतत पाण्यात बसलेलं मूळ आधी गुदमरतं आणि मग कुजतं.

खडीचा हा थर मात्र निचरा वाढवत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी गळायचं थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. तरीही खालच्या टोकाला एक ओला पट्टा उरतोच, आणि आडवं धरलं काय किंवा उभं धरलं काय, त्या पट्ट्याची उंची जवळपास तेवढीच असते. कुंडीतली माती असाच स्पंज आहे. तिच्या तळाशी नेहमी एक चिंब थर राहतो. खाली खडी घातली तर बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही. चिंब थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो.

म्हणून दोन गोष्टी करायच्या. कुंडी पसरट घेण्यापेक्षा उंच घ्यायची, आणि माती खालपासून वरपर्यंत एकसारखी भरभरीत ठेवायची. भोकांवर माती अडवायला जाळीचा किंवा नारळाच्या सोडणाचा एक तुकडा पुरतो.

साठ-सत्तर लिटरच्या कुंडीसाठी दहा-बारा लिटरच्या घमेल्यानं मोजून हे प्रमाण चांगलं बसतं: २ घमेली लाल किंवा पोयट्याची माती, २ घमेली धुतलेलं कोकोपीट किंवा पूर्ण कुजलेला पालापाचोळा, १ घमेलं जुनं शेणखत किंवा गांडूळखत आणि १ घमेलं जाड वाळू किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. काळी माती टाळलेली बरी. ती ओली असताना चिकट गोळा होते, वाळली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि मग घातलेलं पाणी फटीतून थेट खाली जातं. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साधारण साठ-सत्तर लिटर होते. ते दोनदा धुऊन पाणी टाकून द्या, कारण त्यात क्षार असतात. ओलं शेण किंवा अर्धवट कुजलेलं खत घालू नका. ते कुंडीत कुजताना तापतं आणि मुळं भाजून काढतं.

भरलेल्या कुंडीत दोन लिटर पाणी ओतून बघा. ते मिनिटभरात आत जिरायला हवं आणि थोड्याच वेळात खालून ठिबकायला हवं. वर तळं साचलं तर झाड लावण्याआधी मिश्रण बदला.

मोठ्या ड्रममध्ये एकदमच का लावू नये?

वीतभर कलम शंभर लिटरच्या ड्रममध्ये लावलं तर मुळं असतात मूठभर मातीत आणि ओली राहते सगळी माती. ते पाणी प्यायला कोणी नसतं, माती आंबते आणि कलम पिवळं पडतं. म्हणून बिऱ्हाड पायरीपायरीनं वाढवायचं: नर्सरीच्या पिशवीतून बारा इंची कुंडीत, वर्षभरानं सोळा-अठरा इंचीत, त्यानंतर साठ ते शंभर लिटरमध्ये. लिंबू, अंजीर, डाळिंब आणि पेरू चाळीस ते साठ लिटरमध्ये सुखानं राहतात. आंबा, चिकू आणि सीताफळाला साठच्या पुढे जागा द्या.

दोनशे लिटरचा निळा ड्रम मधोमध कापून दोन कुंड्या करणं स्वस्त पडतं. तो आधी खाद्यपदार्थांसाठी वापरलेलाच घ्या. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी फळझाडाला नको. तळाला आणि तळाजवळच्या कडेला बोट जाईल एवढी आठ-दहा भोकं पाडा आणि ड्रम विटांवर ठेवा, म्हणजे भोकं बुजत नाहीत आणि स्लॅबही कोरडा राहतो. कापडी पिशव्यांचा एक खास फायदा आहे: मूळ कडेला पोहोचलं की हवेनं त्याचं टोक सुकतं आणि ते गोल फिरण्याऐवजी आत नव्या फुटी काढतं. या पिशव्या वाळतात मात्र फार लवकर, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोन वेळा पाणी द्यायची तयारी हवी.

कोय रुजवली तर काय बिघडलं?

बिघडत काही नाही, पण वाट पाहावी लागते. बियांपासून आलेल्या झाडाला बालपण असतं. आंब्याला फळ धरायला पाच-सात वर्षं सहज लागतात, कधी त्याहून जास्त. शिवाय हापूसची कोय लावली म्हणून हापूस येतो असं नाही. कलमाची गोष्ट वेगळी आहे. फळ देणाऱ्या, वयात आलेल्या झाडाची काडी लहान रोपावर जोडली की त्या काडीचं वय आणि गुण तिच्याबरोबर येतात. कोकणात रुळलेलं कोयकलम हे त्याचंच रूप: नुकत्याच रुजलेल्या कोयीच्या कोवळ्या दांड्यावर चांगल्या झाडाची काडी बसवायची.

कलम आणताना तीन गोष्टी बघा. जोड भरून आलेला असावा, त्याच्यावर प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ती कापून काढावी (नाहीतर खोड वाढताना आवळलं जातं), आणि लावताना जोड मातीच्या चार बोटं वर राहील याची काळजी घ्यावी. जोडाच्या खालून येणारी प्रत्येक फूट दिसताक्षणी काढा. ती खालच्या गावठी रोपाची असते, जोमानं वाढते आणि वरचं कलम मारून टाकते. “हापूस लावला होता, रायवळ निघाला” या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच घडलेलं असतं.

फळांसकट विकलं जाणारं झाड घ्यावं का? घेतलंत तर फळं काढून टाका. ते झाड कुठल्याशा वाडीत नीट जपलेलं असतं. ते उपटून कुंडीत बसवलेलं असतं आणि मुळं तुटलेली असतात. अशा वेळी फळं पोसायला लावणं म्हणजे बाळंतिणीला खाटेवरून उठवून पाणी भरायला पाठवणं.

कोणतं झाड निवडावं?

पहिलं झाड लावणाऱ्यानं आंब्यापासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. तुती, अंजीर, पेरू आणि लिंबू चुका माफ करतात.

पेरू नव्या फुटीवर फुलतो, त्यामुळे शेंडे छाटले की फूल येतंच. सरदार, म्हणजे एल-४९, ही पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात निवडलेली जात कुंडीतही चांगली लागते. अंजिरासाठी पुरंदर तालुक्यातली पुना अंजीर जात घ्या. पेनाएवढ्या जाड काडीनं ती सहज जगते आणि तिला परागीभवनही लागत नाही. परागीभवन म्हणजे एका फुलाचे पराग फळ धरणाऱ्या भागावर पोहोचणं. काही अंजिरांना त्यासाठी एका खास किड्याची गरज असते, आपल्याकडच्या अंजिराला ती नाही. लिंबात राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती बारमाही फळ देते. डाळिंबात भगवा घ्या.

आंबा लावायचाच असेल तर हापूसचा हट्ट सोडा. हापूस दणकट वाढतो आणि एका वर्षाआड फळतो, आणि हे दोन्ही गुण कुंडीत त्रासदायक आहेत. आम्रपाली हा दशहरी आणि नीलम यांचा संकर बुटका राहतो आणि दरवर्षी फळतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची रत्ना ही जात नीलम आणि हापूसच्या संकरातून आली आहे. चव हापूसच्या घराण्यातली हवी असेल तर ती बघा. फणस, जांभूळ आणि नारळ यांचा विचार करू नका. काही वर्षं ते कुंडीत जगतील, पण फळाची आशा नाही.

बाल्कनीतलं ऊन मोजून बघा

फळासाठी किमान सहा तास थेट ऊन लागतं. “उजेड भरपूर आहे” याला ऊन म्हणत नाहीत. पानं उजेडावर जगतात. फळात साखर भरायची तर ऊनच हवं.

महाराष्ट्रातल्या बाल्कन्यांची एक गंमत लक्षात येत नाही. मेच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तिथून जुलैअखेरपर्यंत भरदुपारी तो थोडा उत्तरेकडे कललेला असतो. त्यामुळे वर स्लॅब असलेल्या दक्षिण बाल्कनीत भर उन्हाळ्यात ऊन शिरतच नाही, आणि डिसेंबरमध्ये तेच ऊन दिवाणखान्यापर्यंत येतं. मेमध्ये पाहून ‘इथे ऊन नाही’ किंवा डिसेंबरमध्ये पाहून ‘इथे भरपूर आहे’ असं ठरवू नका. दोन्ही ऋतूंत मोजा. आंब्याचा मोहोर आणि फळधारणा थंडीत होते, म्हणून त्याला दक्षिणेची बाल्कनी चालून जाते. पूर्व-पश्चिमेला अर्धा दिवस ऊन मिळतं, तिथे लिंबू आणि अंजीर ठेवा. उत्तरेला फळझाड नको.

गच्चीवर उलट अडचण असते. काळ्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू एप्रिल-मेमध्ये हात लावता येणार नाही इतकी तापते आणि त्या बाजूची मुळं मरतात. कुंडीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, पांढरा रंग द्या, किंवा तिच्या पुढे लहान कुंड्यांची रांग लावा. माथ्यावर तीन-चार बोटं उसाचं पाचट किंवा पालापाचोळा घाला. तो खोडाला चिकटू देऊ नका, मध्ये हातभर नको पण वीतभर जागा ठेवा.

पाणी: रोज घालू की दिवसाआड?

याचं उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, मातीत आहे. बोटाची दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर थांबा. साठ लिटरच्या कुंडीतलं भरलेलं झाड मेमध्ये दिवसाला चार-सहा लिटर पिऊ शकतं. तेच झाड ऑगस्टमध्ये आठवडाभर काहीच मागत नाही. पाणी दिलं की तळातून थोडं बाहेर येईपर्यंत द्या. रोज तांब्याभर शिंपडण्यानं वरचे चार बोटंच भिजतात, खालची मुळं तहानलेली राहतात आणि आपल्याला वाटतं, पाणी तर रोज घालतोय.

उलटाही धोका आहे. उन्हानं मलूल झालेलं झाड आणि पाण्यात कुजणारं झाड वरून सारखंच दिसतं, कारण दोन्हीकडे मुळांकडून पाणी वर चढत नाही. पानं लोंबली म्हणून लगेच तोटी उघडू नका. आधी बोट घाला. माती ओली असून पानं लोंबत असतील तर पाणी बंद करा, झाड सावलीत घ्या आणि भोकं मोकळी करा.

कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही. पाणी कडेनं सरळ खाली जातं आणि आत माती कोरडीच राहते. अशी कुंडी लहान असेल तर टबमध्ये अर्धा तास बुडवा. मोठी असेल तर पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं तीनदा हळू पाणी द्या.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर कडेला पांढरा थर जमतो आणि पानांची टोकं करपतात. महिन्यातून एकदा कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी सावकाश घालून क्षार धुऊन काढा. पावसाळा हे काम फुकट करतो. त्या काळात कुंडीखालची थाळी काढून ठेवा. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा असं दिसलं तर ती लोहाची कमतरता असते. अशा वेळी आणखी शेणखत घालून उपयोग नाही, कारण जड पाण्यानं माती चुनखडीसारखी होते आणि मुळांना लोह घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारल्यानं नवी पानं सुधारतात.

सेंद्रिय खतच पुरे ना?

पुरतं, पण वेळेवर आणि वरचेवर दिलं तर. दर महिन्याला साठ लिटरच्या कुंडीत चार मुठी गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड घाला. माती दोन बोटं उकरून मिसळा. पावसाळ्यानंतर कुंडीतलं बरंच अन्न वाहून गेलेलं असतं, म्हणून ऑक्टोबरमध्ये हा हात थोडा सैल सोडा.

पाण्यात विरघळणारं खत वापरायचं असेल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं) लिटरमागे एक ते दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी, वाढीच्या काळात आणि ओल्या मातीतच. कोरड्या मातीत दिलेलं खत मुळं जाळतं. फुलं येण्याच्या सुमाराला नत्र कमी करा आणि पालाशवर भर द्या. नत्रानं पानं वाढतात, पालाश फळाला लागतो. हिरवंगार, गडद पानांचं, दणकट वाढलेलं आणि एकही फूल नसलेलं झाड बहुतेक वेळा नत्र जास्त झाल्याची खूण असते. कौतुकानं घातलेली मूठभर युरिया हे त्यामागचं नेहमीचं कारण.

फूलच येत नाही

आंब्याचा मोहोर पिकलेल्या काडीवर येतो. कोवळी काडी तीन-चार महिने जुनी व्हावी लागते आणि त्यानंतर थंड रात्री लागतात. म्हणून छाटणी फळं उतरल्यावर लगेच, जूनमध्येच. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या साफसफाईत शेंडे कापले तर त्या वर्षीचा मोहोरच कापला जातो. ही चूक इतकी सर्रास होते की फूल न येणाऱ्या आंब्याच्या मालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा.

नोव्हेंबरपासून पाणी निम्मं करा, बंद मात्र करू नका. वाटाण्याएवढी कैरी दिसली की पुन्हा पूर्ववत. बाजारात कल्टार नावानं मिळणारं औषध झाडाची वाढ रोखून मोहोर आणतं आणि बागांमध्ये मोजून वापरलं जातं. कुंडीत ते घालू नका. थोडक्या मातीत मात्रा सहज चुकते, औषध मातीत दीर्घकाळ राहतं आणि झाड खुरटतं.

पेरूला छाटणी हाच ताण. प्रत्येक फांदीचे शेंडे चार-पाच इंच कापा, महिना-दीड महिन्यात नव्या फुटीबरोबर कळ्या दिसतात. मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा), हस्त (पावसाळ्याअखेर फुलणारा) आणि अंबिया (थंडीअखेर फुलणारा) यांपैकी कोणता बहार घ्यायचा हे छाटणीच्या वेळेवर ठरवा. पावसाळ्यातली फळं पांचट लागतात आणि त्यांत फळमाशी पडते, म्हणून मे-जूनमध्ये छाटून थंडीत येणारी फळं घेणं चांगलं.

सीताफळ हिवाळ्याअखेर पानं गाळतं. झाड मेलं म्हणून उपटू नका. खोडाला नखानं ओरखडून आत हिरवं दिसतं का बघा, आणि पाणी अगदी कमी द्या. त्याच्या फुलाची एक अडचण आहे: ते आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, म्हणजे स्वतःचे पराग स्वतःला लाभत नाहीत. शहरात ती फुलं फळवणारे बारीक भुंगेही कमी. सकाळी लवकर पूर्ण उमललेल्या फुलांचे पराग डबीत झटका आणि मऊ कुंचल्यानं अर्धवट उघडलेल्या फुलांच्या आतल्या चिकट गाठीवर फिरवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ही गाठ लगेच वाळते. जूनच्या दमट सकाळी केलेलं हे काम जास्त फळतं.

आलेली फळं गळतात

आंब्याच्या मोहोरात शेकडो फुलं असतात, त्यांतली बरीचशी नर. वाटाण्याएवढ्या कैऱ्या सडा पडावा तशा गळतात. सुपारीएवढ्या झाल्यावरही गळतात. झाड स्वतःच छाटणी करत असतं. अंड्याएवढ्या झाल्यावर गळू लागल्या तरच काळजी करा, आणि पहिला संशय अनियमित पाण्यावर घ्या: एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब. डाळिंबाची पहिली फुलं गळतात, ती घंटेच्या आकाराची असतात आणि त्यांत फळ धरतच नाही. खाली फुगीर, सुरईसारखं फूल दिसलं की ते टिकणारं आहे. डाळिंब आणि लिंबू तडकणं हेही पाण्याच्या हेलकाव्यानंच होतं.

पहिली दोन वर्षं मोहोर हातानं काढून टाका. हे जिवावर येतं, पण तेवढं केलं की झाडाचा सांगाडा भरतो.

किडींबद्दल थोडक्यात. देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरमागे पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब संध्याकाळी फवारा. उमललेल्या फुलांवर नको, मधमाश्या येतात. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही हललं तर ती फुलपाखराची अळी. हातानं उचलून टाका, औषधाची गरज नाही. फळमाशीसाठी पेरू लिंबाएवढा झाला की कागदी पिशवी बांधा. दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा आंब्यासाठी चांगला आहे.

स्लॅब पेलेल का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ओली माती लिटरमागे सव्वा ते दीड किलोच्या पुढेच भरते. मातीनं भरलेला शंभर लिटरचा अर्धा ड्रम दीडशे किलोच्या घरात जातो, कधी त्याहून वर. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये चौरस मीटरमागे साधारण दीडशे किलोचा वापराचा भार धरतात. असे चार ड्रम दहा बाय दहा फुटांत पसरले तर सरासरी भार चौरस मीटरमागे पासष्ट किलोच्या आसपास येतो. तेच चार एका कोपऱ्यात चिकटवले तर खालच्या जागेवर साडेचारशेच्या आसपास. म्हणून ड्रम पसरवून आणि तुळई-खांबांच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. मातीचं प्रमाण निम्मं करून कोकोपीट वाढवलं तर वजन बरंच उतरतं. जुनी इमारत असेल, गळती असेल किंवा दहापेक्षा जास्त ड्रम ठेवायचे असतील तर संरचना अभियंत्याला दाखवा आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या. बाल्कनीच्या कठड्यावर कोणतंही फळझाड नको.

हे स्वस्तात पडतं का?

नाही. नीट जपलेला आंबा चौथ्या-पाचव्या वर्षी पाच-दहा फळं देतो. तेवढ्यासाठी लागलेली माती, खत आणि ड्रम यांच्या पैशात बाजारातून पेटी येईल. लिंबू आणि पेरू तुलनेनं भरपूर देतात. पण झाडावर पूर्ण भरलेलं, औषधाविना वाढलेलं, पाडाला आल्यावरच काढलेलं फळ बाजारात मिळत नाही, आणि अंजिरासारखं नाजूक फळ तर दूर पाठवायचं म्हणून अर्धकच्चंच तोडलं जातं. ज्याला त्या चवीची किंमत वाटते त्यानं हा खटाटोप करावा.

तिसऱ्या वर्षी झाड का रुसतं?

वाढ थांबते, पानं लहान होतात, पाणी घातल्या घातल्या खालून निघून जातं. कुंडीत आता मातीपेक्षा मुळंच जास्त असतात. मुळं कडेनं गोल गोल फिरून दोरखंडासारखी झालेली असतात. दर दोन-तीन वर्षांनी मूळछाटणी हा त्यावरचा उपाय, आणि नेमका तोच कोणी करत नाही.

आंबा, पेरू आणि चिकूसाठी जूनचे पहिले चांगले पाऊस पडल्यावर, अंजीर आणि सीताफळासाठी नवी पालवी फुटण्याआधी. आदल्या दिवशी पाणी देऊ नका. कुंडी आडवी करा, कडेनं लांब सुरी फिरवा आणि दोघांनी मिळून गठ्ठा बाहेर काढा. खोडाला धरून ओढू नका. धारदार कोयत्यानं गठ्ठ्याच्या चारी बाजूंचे आणि तळाचे दोन-अडीच इंच कापून काढा. काळी, वास येणारी मुळं दिसतील तेवढी काढा, पांढरी-तांबूस ठेवा. एकूण पाव हिस्सा मुळं गेली तर वरच्याही पाव हिस्सा फांद्या छाटा, कारण कमी मुळांना तेवढी पानं पोसता येत नाहीत. कुंडी धुऊन त्याच प्रमाणातलं नवं मिश्रण कडेनं काठीनं ठोसत भरा, म्हणजे आत पोकळ्या राहत नाहीत. जोड पुन्हा मातीच्या वर आला आहे ना, बघा.

पाणी एकदा भरपूर द्या, मग माती सुकेपर्यंत थांबा. महिनाभर खत नको. झाड दोन-तीन आठवडे सावलीत राहू द्या. त्या काळात काही पानं गळतील, ती गळू द्या. फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी फुटली की झाड पुन्हा उन्हात न्या, आधी सकाळच्या आणि आठवड्याभरानं दिवसभराच्या.